'दामे' ऐकताच हात सोडावा

प्रथम आपली जोडीदार कोण, हे विसरावं. एवढं जमलं की निम्मं 'दामे' आलं.

'दामे' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'मला दे'. नाचाच्या वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणा दामल्यांना हाक मारताहेत असं वाटून मी वळून पाहिलं. तेवढ्यात चाक माझ्यावाचून एक घर पुढे सरकलं होतं.

चाक म्हणजे 'रुएदा दे कसिनो'. १९५०च्या दशकाच्या अखेरीस हे हवानात रुळलं. नाव मिळालं ते तिथल्या 'कसिनो देपोर्तिवो' क्लबावरून. जोड्यांनी गोल करायचा आणि म्होरक्या ओरडेल ते सगळ्यांनी एकदम करायचं. वाद्यांच्या दणदणाटात ऐकू जात नसेल तर तो खुणा करतो. पंगतीत दोन बोटं दाखवली की वाढपी दोन जिलब्या टाकतो. इथे दोन बोटं म्हणजे 'दामे दोस', पुढची बाई सोडून तिच्या पुढचीला गाठायचं.

आता कृती. आपली जोडीदार डाव्या हाताला, पुढची उजव्या हाताला. मोजणी एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चार आणि आठ श्वासापुरते. हाक आली की हात सोडून उजवीकडे, घड्याळाच्या उलट दिशेनं, पुढच्या बाईपाशी हजर व्हावं. बायकांनी जागा धरून राहावं. त्याही उत्साहानं प्रवासाला निघाल्या तर गाठ कुणाशीच पडत नाही. पोचल्यावर 'दीले के नो' करावं. अर्थ 'तिला नाही म्हण', पण करायचं असतं ते तिला अदबीनं आपल्या समोरून उजवीकडून डावीकडे आणणं. नावावर जाऊ नये.

खरी अडचण हाताची. मराठी माणसाला निरोप घेतल्याशिवाय निघता येत नाही. मी एकदा 'बरं, येतो हं' म्हणायला थांबलो. मागून आलेले काका पाठीवर आदळले, त्यांच्यावर त्यांच्या मागचे, आणि पुढची बाई हात पुढे करून एसटीची वाट पाहावी तशी उभी! घामेजला हात पँटला पुसायलाही थांबू नये, तो जाता जाता पुसावा.

हुरहूर वाटलीच तर हिशेब करावा: सहा जोड्या असतील तर सहाव्या 'दामे'ला तीच पुन्हा समोर येते. काय सांगायचं राहिलं असेल ते तेव्हा सांगावं. मात्र सातच्या आत.