घाम न्यू जर्सीत, पैसे कराडला

‘परदेशात बसल्या बसल्या कमवा’ हा कोर्स विकणाऱ्या गृहस्थांस,

मुलं तुम्हाला ‘सर’ म्हणतात. मी म्हणणार नाही. शिकवणाऱ्या माणसाला सर म्हणायची आपल्याकडे रीत आहे. तुम्ही शिकवलं नाहीत, विकलंत. माझ्या भाच्याला तुमचा कोर्स १४,९९९ रुपयांना विकलात. पैसे त्याच्या वडिलांच्या यूपीआयवरून गेले. माझे मेहुणे एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. मुलाच्या एमएससाठी कराडचं राहतं घर बँकेकडे तारण आहे. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. तुमच्या नोंदणीच्या अर्जात ‘शैक्षणिक कर्ज आहे का?’ असा रकाना आहे, आणि त्यात ‘हो’ लिहिणाऱ्याला तुमचा माणूस दुसऱ्याच दिवशी फोन करतो. हप्त्याच्या धास्तीत असलेलं पोर लवकर गळाला लागतं, हे तुम्ही नीट हेरलंय.

मी न्यू जर्सीत राहते. दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल, ओळखीपाळखीतली मराठी मुलं आयकराची कागदपत्रं घेऊन माझ्याकडे येतात. रविवारी सकाळी पोहे होतात आणि मग जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरले जातात. यंदा भाचाही आला. त्याने खुर्ची ओढली, पण बसेना. बॅगेतून एक घडी घातलेला कागद काढला आणि मला म्हणाला, “मावशी, हा गेल्या वर्षीचा आहे. मी कुणाला दाखवला नव्हता.”

तो १०९९-एनईसी होता, म्हणजे नोकरीबाहेरच्या कामाच्या मोबदल्याचा फॉर्म. टेक्सासमधल्या एका लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या माणसासाठी त्याने महिनोन्‌महिने एडिटिंग केलं होतं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, वसतिगृहाच्या खोलीत. त्या माणसाने रीतसर डब्ल्यू-९ मागितला, तुमच्या टेलिग्राम ग्रुपवर विचारून याने तो भरला आणि जानेवारीत हा १०९९ त्याच्या कमाईचा आकडा छापून घरी आला. हाच कागद अमेरिकेच्या आयकर खात्याकडेही जातो. मुलाने तो कपाटात कपड्यांखाली ठेवला होता.

डब्ल्यू-९ वर सही करणारा माणूस शपथेवर सांगतो की करासाठी तो अमेरिकी व्यक्ती आहे. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे करासाठी अनिवासी असतो. दरवर्षी फॉर्म ८८४३ भरतो, उत्पन्न असेल तर १०४०-एनआर भरतो. डब्ल्यू-९ त्याचा फॉर्मच नव्हे. तुमच्या ग्रुपवरचं उत्तर मी स्वतः वाचलं: ‘सोशल सिक्युरिटी नंबर आहे ना? मग डब्ल्यू-९ टाक, सगळे टाकतात.’ त्याचा नंबर आला होता तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठवड्याला वीस तास काम करायच्या परवानगीवर. तोच नंबर तुम्ही त्याला विनापरवाना कामाच्या कागदावर लिहायला लावलात. आपल्या हाताने आपल्याविरुद्धचा पुरावा तयार करणं यापेक्षा वेगळं काय असतं?

तुमची सगळी दुकानदारी एका शब्दावर चालते: ऑनलाईन. हा शब्द तुम्ही असा उच्चारता, जणू ऑनलाईन केलेलं काम कुठल्याच देशात होत नाही. कंपनी तिकडची, पैसे इकडचे, मग अमेरिकेचा काय संबंध, असं तुम्ही फळ्यावर बाण काढून दाखवता. पण काम तिथेच होतं जिथे ते करणारे हात असतात. एफ-१ च्या मुलाने न्यू जर्सीतल्या खोलीत बसून व्हिडिओ कापला तर ते काम न्यू जर्सीत झालं. मोबदला टेक्सासमधून आला काय, पुण्याहून आला काय आणि कराडच्या खात्यात पडला काय, हात हलले ते अमेरिकेच्या जमिनीवर.

‘पॅसिव्ह’ हा तुमचा दुसरा लाडका शब्द. बँकेचं व्याज, शेअरचा लाभांश, गावातल्या खोलीचं भाडं, याला कुणी नोकरी म्हणत नाही आणि त्यासाठी व्हिसाही आड येत नाही. कर मात्र त्यावरही असू शकतो. भारतात असताना कुणी व्हिडिओ करून ठेवले आणि त्यांवर आपोआप जाहिरातीचे पैसे जमत राहिले, तर त्याबद्दल दोन वकील दोन मतं देतील. पण दर आठवड्याला नवा व्हिडिओ चित्रित करायचा, कापायचा, त्याला मथळा द्यायचा, ग्राहकाशी भांडायचं, मुदत पाळायची, यात ‘पॅसिव्ह’ काय आहे? मुलाच्या डोळ्याखालची वर्तुळं बघितलीत का कधी?

एफ-१ वर कायदेशीर कामही करता येतं. कॅम्पसवर आठवड्याला वीस तास, सुट्टीत पूर्णवेळ. कॅम्पसबाहेर शिक्षणाचा भाग म्हणून सीपीटी, पदवीनंतर बारा महिने ओपीटी, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना पुढे आणखी चोवीस महिने. पहिल्या ओपीटीत तर स्वतःचा व्यवसायही करता येतो, फक्त तो शिकलेल्या विषयाशी निगडित हवा आणि त्याचे परवाने काढलेले हवेत. म्हणजे दारं आहेत. प्रत्येक विद्यापीठात विदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी असतो, त्याला एक ईमेल केला तर कुठलं दार उघडं आहे ते तो सांगतो आणि एक पैसाही घेत नाही. तुम्ही त्याच अधिकाऱ्याची भीती घातलीत: ‘त्याला विचारू नका, तो रिपोर्ट करतो.’ तो अधिकारीच मुलांना वाचवू शकत होता, तेव्हा तुमचा धंदा टिकवायचा तर आधी मुलांना त्याच्यापासून तोडणं तुम्हाला भागच होतं.

आणि पुढचं तर तुम्ही कधीच कुणाला सांगत नाही. मुलाचे विषय कमी पडले, आजारपणात सत्र बुडालं, तर विद्यार्थी म्हणून गेलेला दर्जा परत मागायचा अर्ज असतो आणि तो मंजूरही होतो. पण तो मंजूर होण्याची एक अटच आहे की मुलाने विनापरवाना काम केलेलं नसावं. म्हणजे बाकीच्या चुकांना माफीचा मार्ग आहे, नेमका तुम्ही शिकवलेल्या चुकीला नाही. सेव्हिसमधली, म्हणजे विदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद अशा कारणाने रद्द झाली तर आवराआवरीला साठ दिवसही मिळत नाहीत. आणि पुढे कधी ग्रीनकार्डचा अर्ज भरायची वेळ आली तर त्यात सरळ प्रश्न असतो: अमेरिकेत कधीही विनापरवाना काम केलंत का? वीस वर्षांनीही त्याचं उत्तर द्यावं लागतं.

आता मुलाची अवस्था बघा. ते उत्पन्न करविवरणात लिहावंच लागतं, ते बेकायदा कमावलं म्हणून कर चुकत नाही. लिहिलं की विनापरवाना कामाची कबुली होते. नाही लिहिलं तर करचुकवेगिरी, आणि कागद तर खात्याकडे आधीच पोचलेला. इकडे आड तिकडे विहीर. मी त्याला फॉर्म भरू दिला नाही, आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठवलं. वकिलाची पहिल्या भेटीची फी तुमच्या कोर्सपेक्षा जास्त होती.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र खासगीत लिहिलं असतं. पण १०९९ आल्यावर घाबरून त्याने तुम्हालाच विचारलं, आणि तुम्ही सांगितलंत, ‘पुढच्या वेळी वडिलांच्या नावाने प्रोफाइल काढ. पैसे भारतात घे. अमेरिकेला कळत नाही.’

काढलं. फ्रीलान्सिंगच्या साइटवर प्रोफाइल, त्यावर वडिलांचं नाव, वडिलांचं पॅन, वडिलांचं बँक खातं. काम मुलगा करायचा, लॉगिन न्यू जर्सीतून व्हायचं. नोव्हेंबरात साइटने खातं थांबवलं आणि व्हिडिओवर ओळख पटवायला सांगितली. माझे मेहुणे संध्याकाळी साडेसातला इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसले. हातात पॅनकार्ड. समोर भिंतीला टेकवून कालनिर्णयचं जुनं पान उलटं लावलेलं, त्याच्या मागच्या बाजूवर मुलाने फोनवरून सांगितलेली वाक्यं देवनागरीत लिहिलेली: ‘आय ॲम अ व्हिडिओ एडिटर. आय हॅव सिक्स इयर्स एक्स्पीरियन्स.’ पलीकडच्या बाईने अगदी सौम्यपणे विचारलं, शेवटचं काम कुठलं केलंत? ते कागदावर नव्हतं. ते गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “सॉरी मॅडम.”

माझ्या बहिणीने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, संतापली होती. या माणसाने एकतीस वर्षं तिकिटं फाडली. तपासणी पथकाने रात्री-अपरात्री बस अडवली की यांची बॅग पैशापैशाने जुळायची. अपहाराचा एक ठपका नाही. त्या माणसाला साठीनंतर परक्या बाईसमोर खोटं पाठ करायला तुम्ही बसवलंत. १,८४० डॉलर अडकले ते अडकलेच. त्याआधी आलेले पैसे त्यांच्या पॅनवर दिसताहेत, आणि ‘हे परदेशी उत्पन्न कशाचं?’ असं उद्या आयकर खात्याने विचारलं तर त्यांनी कालनिर्णयचं पान दाखवायचं का?

खातं मुलाच्या स्वतःच्या नावाने असतं तरी तुमचा सल्ला चुकीचाच होता. शिकायला परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याला अनिवासी मानायचं हे रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच स्पष्ट केलंय. म्हणजे त्याचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायला हवं. तुम्ही सांगता, ‘बँकेला कळवायची गरज नाही.’ असं खातं पुढे केवायसीत अडकलं की परदेशात बसलेल्या मुलाने शाखेत जाऊन सही कशी करायची?

तुमच्या टेलिग्राम ग्रुपवर ‘पेमेंट हँडलिंग’ नावाची कामंही येतात. खात्यात पैसे घ्यायचे, पाच टक्के ठेवायचे, बाकी पुढे पाठवायचे. याला पोलिसांच्या भाषेत म्यूल अकाउंट म्हणतात. ते पैसे बहुतेकदा कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. भारतात फसवला गेलेला माणूस १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करतो, आणि पैशाची साखळी ज्या-ज्या खात्यातून गेली ती खाती गोठवली जातात. अमेरिकेत बँक खातं बंद करते आणि दुसरीकडे उघडायला गेलं की तिथेही नकार येतो. भाच्याने यात हात घातला नाही हे त्याचं नशीब. त्याच्या खोलीतल्या मुलाने घातला. त्याच्या सत्राच्या फीचे पैसे त्याच खात्यात होते.

तुमच्या नव्या जाहिरातीत ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी सगळे झेंडे आहेत, खाली एकच वाक्य: ‘कुठल्याही देशात चालतं.’ ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगारालाच बंदी आहे, फ्रीलान्सिंग त्यातच येतं. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते, पण स्वतःचा धंदा करायचा तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ऑस्ट्रेलियात एबीएन हा व्यवसाय क्रमांक काढता येतो, तरी पंधरवड्याचे ४८ तास त्यालाही लागू असतात. कॅनडात सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास. देशागणिक नियम वेगळा आहे आणि तुम्ही सगळ्यांना एकच पीडीएफ विकता.

मुलांना पैशाची गरज आहे हे मला माहीत आहे. डॉलर वर गेला की कराडच्या घरात सगळे गप्प होतात. मुलगा दोन वेळच्या जेवणातलं एक कमी करतो आणि आईला सांगत नाही. म्हणूनच तुमचा राग येतो. गरजू माणसाला खोटा रस्ता दाखवणं आणि वर त्याचे पैसे घेणं, याला आमच्या गावाकडे जो शब्द आहे तो छापता येणार नाही.

मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. ‘अमेरिकेला कळत नाही’ असं सांगणारे सगळे व्हिडिओ काढून टाका. ज्यांनी तुमच्या सांगण्यावरून डब्ल्यू-९ भरला आणि आईवडिलांच्या नावाने खाती काढली, त्यांना ग्रुपवर आजच लिहा की काम थांबवा आणि वकिलाला भेटा, कारण तुमच्याशिवाय ती यादी कुणाकडे नाही. आणि १४,९९९ रुपये परत करा. मुलाला नको, ज्यांच्या खात्यातून गेले त्यांना. त्यांचा नंबर तुमच्या पावतीवर आहे. संध्याकाळी सातनंतर फोन करा, ते घरी असतात, आणि बोलायला त्यांना कागद लागणार नाही.

— एका विद्यार्थ्याची मावशी, न्यू जर्सी