नऊचा पाय, सातचा बूट

परवा ऑफिसात 'एम्पथी'ची कार्यशाळा झाली. प्रशिक्षकांनी फर्मावलं, शेजाऱ्याचे बूट घाला आणि हॉलला एक फेरी मारा. माझा नंबर नऊ, शेजारी बसलेल्या अकाउंट्सवाल्याचा सात. टाचा बाहेर लोंबत ठेवून बदकासारखी फेरी पूर्ण केली. त्याचं सुखदुःख काही कळलं नाही. बूट आतून ओले आहेत, एवढं कळलं. तेवढ्यात तोंडासमोर माइक आला. ''त्याच्या अडचणी अगदी आतून जाणवल्या,'' मी ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. माझ्या होड्यांत उभा राहून तोही वाजवत होता.

पडद्यावर पिसांचा मुकुट घातलेला म्हातारा आणि खाली मजकूर : 'अमेरिकन आदिवासींची प्राचीन म्हण.' कसली प्राचीन! दुसऱ्याच्या मोकॅसिनमध्ये मैलभर चालून बघा, हा सल्ला सापडतो तो मेरी लॅथ्रॅप या मिशिगनच्या बाईंच्या 1895 सालच्या कवितेत. बाई दारूबंदीच्या खंद्या प्रचारक. लंगडणाऱ्याला नावं ठेवू नका, हे त्यांचं सांगणं. कविता बाईंची आणि फोटो म्हाताऱ्याचा. आदिवासींच्या नावावर म्हण खपवताना त्यांना तरी कुणी विचारलं?

विचारायचं नाही, ओळखायचं, हीच तर या खेळाची गंमत. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांचे 25 प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येतं का? नाही. नवरा-बायकोंनाही एकमेकांची आवडनिवड त्यानं जास्त बरोबर सांगता येईना. थेट विचारल्यावर मात्र अंदाज सुधारले. घ्या! जोडा कुठं चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक, हे आमच्या आजीला एकही प्रयोग न करता माहीत होतं. मग त्याच्या पायातला जोडा कशाला काढून घेता?

चहाच्या सुट्टीत मी अकाउंट्सवाल्याला गाठलं. ''काय रे, बूट ओले कशानं?''

''स्टेशनपासून चालत येतो हल्ली. तळ गेलाय, पाणी शिरतं.''

''आणि रिक्षा?''

''बंद केली. पोराच्या क्लासची फी भरायचीय.''

''कधीपासून?''

''झाले की सहा महिने.''

तीन वर्षं आमची टेबलं एकमेकांना लागून आहेत.