पैसे वसूल बापूकाका

चोंढीच्या बाजारात बापूकाकांना फसवील अशी कोळीण अजून जन्माला यायची आहे. सुरमईचे कल्ले उचलून बघतील, पोटावर अंगठा दाबतील, डोळ्यांत डोळे घालतील (सुरमईच्या), आणि मग भावाला हात घालतील. हाच माणूस चार दुकानं पुढे वाइन शॉपात शिरला की पोरका होतो. भिंतभर दारू, आणि वाइनला बिचारीला कोपऱ्यातला एक कप्पा. त्यातल्याही बाटल्या काळपट हिरव्या, तोंडं बंद. कल्ले बघायचे कुठले?

काका बँकेतून निवृत्त होऊन दादरहून अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. फ्रेंच लोक लोणी-चीज हाणूनही हृदयाने ठणठणीत असतात आणि त्याचं कारण म्हणे रेड वाइन, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून हा वाइनचा नाद सुरू. २०२३च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. ती बातमी काकूंनी मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा. काका म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. म्हणून तर स्वस्तातली चांगली शोधायची. हृदयाला नाही तर नाही, निदान खिशाला तरी त्रास नको."

त्यांची परीक्षा ठरलेली. आधी बाटली उजेडात धरायची. काही दिसत नाही, तरी धरायची. मग बुडाच्या खळग्यात अंगठा घालायचा. खळगा जितका खोल तितकी वाइन भारी, असा त्यांचा बरेच दिवस समज होता. दुकानातला पोरगा कंटाळून म्हणाला, "काका, खळगा असो नसो, आत साडेसातशे मिलीच." त्यावर काकांनी तिथल्या तिथे भागाकार केला. दीडशे मिलीचे पाच ग्लास, बाटली हजाराच्या आतबाहेर, म्हणजे ग्लासामागे दोनशे. "हिशेब साधा आहे," हे त्यांचं पालुपद. घरी आल्यावर पाच ग्लास खरंच भरतात का, हे खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून पाहिलं. भरले. दुकानदाराबद्दलचं मत सुधारलं.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३०मध्ये किहीमला सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, याचा काकांना गावकऱ्याहून जास्त अभिमान. नर अर्धवट घरटं विणून ठेवतो, मादी येऊन आतून तपासते, पसंत पडलं तरच संसार. "बघ," काका मला म्हणाले, "पाखराला सोय आहे. आपल्याला मात्र बूच न काढता पैसे मोजायचे!"

बुचाचीही एक कथा आहे. फिरकीचं झाकण दिसलं की पूर्वी ते "सोड्याची बाटली" म्हणून नाक मुरडत. मग एका संध्याकाळी, पाहुण्यांसमोर, खरं बूच मधेच तुटून आत पडलं आणि सगळी वाइन चहाच्या गाळणीतून वाढावी लागली. दुसऱ्या दिवसापासून काका फिरकीच्या झाकणाचे कट्टर पुरस्कर्ते. लवकर प्यायच्या वाइनला हेच झाकण उत्तम, असं आता ते शिकवणीच्या सुरात सांगतात. खरं म्हणजे त्यात त्यांचं काही चुकत नाही. हजारातली वाइन वर्षानुवर्षं मुरवायची नसतेच.

मुरलेल्या वाइनवर विश्वास असणारा त्यांचा पुतण्या मुंबईहून रो-रो बोटीने येतो. मागे त्याने फ्रान्सची बाटली आणली. काकांनी चव घेण्याआधी चष्मा घेतला. परदेशी वाइनवर कितीतरी वर्षं दीडशे टक्के आयात शुल्क होतं, हे त्यांना पाठ. वरचे कर वेगळेच. कागदावर आकडेमोड झाली आणि निकाल लागला: "निम्म्याहून जास्त बाटली सरकारच प्यायलं की रे!" पुतण्याचा चेहरा उतरला. माझ्या मते मात्र नवशिक्याला याहून कामाचा सल्ला दुसरा नाही. तेवढ्याच पैशात नाशिकची वाइन घेतली तर पैसे वाइनलाच जातात.

वाइनच्या नोंदींची त्यांची वही म्हणजे बँकेची जुनी डायरी. 'दिंडोरी शिराझ: मिरीचा वास. मटणाबरोबर वसूल.' 'काबरने: जांभळाने बसते तशी जिभेला मिठी.' 'सांजोव्हेझे, अकलूज!!' ही दोन उद्गारचिन्हं मला फार आवडतात. अकलूज म्हणजे ऊस, एवढंच माहीत असलेल्या माणसाला फ्रातेल्ली वाइनरीवाले तिथे इटलीची द्राक्षं पिकवतात हे कळल्यावर झालेला तो आनंद आहे. एका पानावर 'बांगडा: कधीही नाही' असं लाल शाईत लिहिलंय. बऱ्याच रेड वाइनमध्ये लोहाचा अंश असतो आणि माशाच्या तेलाशी त्याचं जमत नाही. तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखं होतं. किहीममध्ये राहून माशाबरोबर चालत नाही असं पेय निवडणारा माणूस विरळा! मग वर्षभर ते पोपटीची वाट बघतात. थंडीत भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, अंडी, ओवा-मीठ लावलेली कोंबडी मडक्यात भाजली जाते, आणि काका शिराझ घेऊन शेकोटीपाशी हजर.

उन्हाळ्यात मात्र त्यांना काकूंनी वाचवलं. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं पुस्तकात होतं. खोली युरोपातली, सतरा-अठरा अंशांची. काकांनी बाटली ठेवली किहीमच्या मे महिन्यातल्या खिडकीत. घोट काढ्यासारखा लागला. काकूंनी न बोलता बाटली फ्रीजमध्ये, सोलकढीच्या पातेल्याशेजारी सारली. अर्ध्या तासाने काका म्हणाले, "बघ, हवा लागली की कशी खुलते!" काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी सुपारीच्या झाडांकडे.

उरलेली वाइन झाकण लावून फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवायची; नाहीतर कोंबडीच्या रश्श्यात. वाया काही जात नाही.

त्यांच्याकडे जाणार असाल तर बाटली नाशिकची न्या, अकलूजची न्या, नाहीतर नुसते वालाचे दाणे न्या. बाटली नेलीत तर एवढं करा, तिच्यावरची किंमत खोडू नका. किंमत कळल्याशिवाय बापूकाकांना चव लागत नाही.