पाठ पाहून तुंबडी

उपचाराचा गुण औषधात, वैद्यात किंवा पथ्यात असतो, असा जो भाबडा समज लोकांत रूढ आहे, तो तुंबडीच्या चरित्राने पुरता खोडून काढला असून, गुण हा केवळ पाठीत असतो आणि तोही त्या पाठीच्या ऐपतीच्या प्रमाणात असतो, हा सिद्धांत वैद्यकशास्त्राला आता फार दिवस टाळता येणार नाही, असे आमचे नम्र मत आहे.

देवळाच्या पारावर बैठक मारून वैदू जेव्हा पोकळ शिंगाचे रुंद तोंड एखाद्या कुणब्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर टेकी, निमुळत्या टोकाकडून तोंडाने हवा ओढून घेई आणि ते छिद्र मेणाने बुजवी, तेव्हा त्या कर्माला सुशिक्षित समाजाने अडाणीपणा असे सुटसुटीत नाव देऊन टाकले होते. मोबदला शेरभर ज्वारी, दाखला कसलाच नाही आणि रोगी चारचौघांत उघड्यावर बसलेला! अशा व्यवहारात शास्त्र असू शकत नाही, हे शाळामास्तरापासून मामलेदारापर्यंत सर्वांना न सांगताच ठाऊक होते. नावडतीचे मीठ अळणी, मग नावडत्याची तुंबडी कोठून गुणकारी असणार?

पुढे २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्स हा अमेरिकन जलतरणपटू खांद्यावर तुंबडीची जांभळी वर्तुळे मिरवीत तलावावर अवतीर्ण झाला आणि पाच सुवर्णपदके घेऊन परतला. याच गृहस्थाने २००८ साली बीजिंगमध्ये आठ सुवर्णपदके पटकावली होती आणि रिओला येण्यापूर्वीच त्याच्या खाती एकंदर १८ जमा होती, या जमाखर्चाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. वर्तुळे पदकाच्या शेजारी दिसली, एवढा पुरावा पुरेसा ठरला. आणि ज्या दिवाणखान्यांत वैदूला जोड्यांपाशीही उभे केले नसते, त्यांत तुंबडीला कपिंग म्हणून मानाचे आसन मिळाले.

पॅरिसच्या एका सार्वजनिक रुग्णालयात १९२९ साली जॉर्ज ऑर्वेल या लेखकाला हीच तुंबडी दिसली, तेव्हा तिचा थाट निराळा होता. काचेच्या पेल्यात पेटती काडी टाकून हवा जाळायची आणि तो पेला गरीब रोग्याच्या अंगावर, त्याची संमती विचारण्याच्या भानगडीत न पडता, चिकटवायचा, अशी तेथील वहिवाट होती. आणि हा इलाज घोड्यांवर करीत असावेत, असा त्या बिचाऱ्याचा तोवरचा अंदाज होता. पोकळी तीच, कातडीही तशीच वर येणारी; परंतु फुकटच्या खाटेवरील पाठीला जी विटंबना वाटली, तीच पदकविजेत्या पाठीवर विद्या झाली.

आमचे संस्कृतिनिष्ठ मित्र येथे सुश्रुताचार्यांना साक्षीला बोलावतात. साक्ष खरी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायात वाताने दूषित रक्तासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी आत दिवा ठेवलेला भोपळा, अशी व्यवस्था लावून दिलेली आहे. परंतु उलटतपासणी सुरू झाली की पंचाईत होते. कारण राजे, धनिक, बालक, वृद्ध, भित्रे, दुर्बळ, स्त्रिया आणि सुकुमार प्रकृतीचे लोक यांच्यासाठी आचार्यांनी अत्यंत सौम्य उपाय म्हणून जळूच नेमली आहे. शास्त्राज्ञा पाळावयाची तर मलबार हिलवरील पाठींवर जळवाच सोडावयास हव्यात! परंतु जळू संगमरवरी फरशीवर शोभत नाही आणि नगामागे आकारणी करण्याची सोय पेल्यांत जशी आहे, तशी तिच्यात नाही.

आजच्या उपचारकेंद्रात मंद दिवे असतात, गवती चहाचा दरवळ असतो आणि पालथ्या पडलेल्या ग्राहकाच्या पाठीवर पारदर्शक पेला ठेवून, त्याच्या माथ्यावरील झडपेला पिस्तुलाच्या घाटाचा पंप जोडून दोन-तीनदा दाबला, की आतली कातडी कढईतल्या पुरीसारखी टम्म फुगून आधी लाल व मग जांभळी होते. त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटून रक्त साकळते, ज्याला मूल जिन्यावरून पडल्यास आपण मुका मार म्हणतो. येथे मात्र वर्तुळ जितके गडद तितके विष अधिक, असे निदान होते. ओल्या प्रकारात बारीक चिरा पाडून पेला पुन्हा लावतात आणि त्यात साचलेली काळपट गुठळी ग्राहकाच्या डोळ्यांपुढे धरून अशुद्ध रक्ताचा पंचनामा करतात. देहाबाहेर आलेले रक्त गोठते, हा त्याचा स्वभावधर्म; परंतु पैसे मोजून शत्रू निघताना पाहण्याचे जे समाधान येथे लाभते, ते यकृत आणि मूत्रपिंड यांनी जन्मभर बिनबोभाट चाकरी करूनही धन्याला कधी दिलेले नसते.

संशोधक मंडळी कबूल करतात की मानेच्या व कंबरेच्या दुखण्यात तुंबडीने थोडे दिवस आराम पडल्याचे काही चाचण्यांत आढळले आहे. मात्र बहुतेक चाचण्या लहान आणि कच्च्या असून, औषधाऐवजी साखरेची गोळी देऊन रोग्याला जसे अंधारात ठेवता येते, तसे तुंबडीचे सोंग वठवता येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. आम्ही म्हणतो, या तक्रारीतच सारे मर्म आहे. गोळी पोटात जाऊन बेपत्ता होते. तुंबडी पाठीवर आठवडाभर टिकणारी पोचपावती देते, आणि तीही पोहण्याच्या तलावावर सर्वांना वाचता येईल अशा अक्षरात!

युनानी महाविद्यालयात ‘इलाज-बित-तदबीर’ या विषयाखाली हिजामा, म्हणजे तुंबडीच, शिकलेला हकीम रोगी पंडुरोगी आहे काय, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो काय, याची चौकशी करतो आणि प्रसंगी नकारही देतो. शनिवार-रविवारच्या वर्गातून प्रमाणपत्र घेऊन आलेल्या कारागिराला नकार शिकवलेलाच नसतो, त्यामुळे त्याची तुंबडी लवकर भरते. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ सालीच झालेला आहे. परंतु जाहिरातीचा फलक रंगवणाऱ्यांना कलमे पाठ असावीत, अशी अपेक्षा कोणी धरू नये.

सबब सरकारदरबारी आमची दरखास्त अशी की, प्राप्तिकराच्या टप्प्यांप्रमाणे पाठींची प्रतवारी करण्यात यावी. कर भरणाऱ्या पाठीवरील तुंबडीस पूरक उपचार मानावे. सर्वोच्च टप्प्यातील पाठीवर तीच प्राचीन भारतीय शास्त्र म्हणून गौरविली जावी. आणि करास अपात्र अशा पाठीवर ती आढळल्यास अंधश्रद्धा समजून लावणाऱ्यास व लावून घेणाऱ्यास सक्त ताकीद द्यावी. यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही, एका कारकुनाचीही नेमणूक करावी लागणार नाही. जी वहिवाट बिनतक्रार चालू आहे, तिच्यावर केवळ शिक्कामोर्तब करावयाचे आहे.