पश्चिमेच्या भिंतीला किती स्टार?

छत्रपती संभाजीनगरात एप्रिल लागला की दोन चौकश्या सुरू होतात: नळाला पाणी कधी येणार, आणि कुलरचं गवत बदललं का. तिसरी चौकशी अलीकडची. कुणाकडे नवा फ्रीज आला, की शेजारचे काका उंबऱ्यातूनच विचारतात, "किती स्टार?" पाच म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो. तीन म्हटलं की "चालतंय, चालतंय" म्हणतात. मुलाला दहावीत साठ टक्के पडल्यावर म्हणतात तसं.

ही स्टारांची पद्धत केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने 2006 साली आणली. गंमत अशी की हे स्टार जन्मभराचे नसतात. निकष अधूनमधून कडक होतात आणि कालचा पाच स्टारवाला एसी आज चारावर, तिनावर उतरतो. म्हणून लेबलावर मुदत छापलेली असते. ती कुणी वाचत नाही. शिवाय स्टार आकारमान बघून दिले जातात. पाच स्टारचा अवाढव्य फ्रीज तीन स्टारच्या छोट्या फ्रीजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. खरी गोष्ट सांगतो तो खालचा आकडा, वर्षाला इतके युनिट. एसीच्या लेबलावर तो वर्षाला 1600 तास धरून काढलेला असतो. आता घरात रिमोट कुणाच्या उशाखाली असतो, हे त्या लेबलाला कुठून कळणार?

पंखा मात्र गरीब बिचारा. जानेवारी 2023 पासून त्यालाही लेबल सक्तीचं झालं, पण त्याचे स्टार विचारायला कुणी येत नाही. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, नवा, बीएलडीसी मोटरचा, 28 ते 35. रोज बारा तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला पंधराएक युनिट वाचतात. असे चार पंखे म्हणजे साठ. महावितरणच्या दरात शंभर युनिटांच्या पुढचं युनिट महाग पडतं, तेव्हा हे साठ युनिट वरच्या, महाग टोकाकडूनच कमी होतात. एवढा हिशोब काकांना सांगितला तर ते म्हणाले, "पण त्याला रिमोट असतो ना? हरवतो तो."

कुलरचं प्रकरण आमच्या गावात वेगळंच. कोरड्या उन्हाळ्यात तो एसीच्या कितीतरी कमी विजेत घर गार करतो. पण त्याला पाणी लागतं, आणि ते पैठणहून, जायकवाडीतून पंपांनी उपसून आणावं लागतं. त्यातही ते रोज येईल याचा भरवसा नाही. विजेची बचत पिंपात मोजायची वेळ येते. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कुलर नुसता ओला वारा घालत बसतो.

आणि एवढं करून घर तापतं ते तापतंच, कारण स्लॅब. दिवसभर गच्चीवर पडलेलं ऊन रात्री अकराला खाली उतरतं, नेमकं आपण आडवे झाल्यावर. मराठवाड्यातल्या जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींना आणि माळवदाला कुणी लेबल चिकटवलं नव्हतं, तरी दुपारी तिथे झोप लागायची. आमच्या शहरातल्या जुन्या पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनात उन्हाळ्यात उतरून बघा. वर पाणी, खाली गारवा, वीजबिल शून्य.

घरालाही स्टार असतात, हे फार थोड्यांना माहीत आहे. घरबांधणीसाठीची इको निवास संहिता 2018 साली आली. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला सरासरी 15 वॉटच्या वर जाऊ नये असं ती सांगते. छताचा हिशोब वेगळा. पुढच्या वर्षी घरांसाठी एक ते पाच स्टारचं लेबलही निघालं. पण ते ऐच्छिक. बिल्डर आपल्याला देवघराची दिशा, पार्किंग आणि लिफ्टची कंपनी सांगतो. पश्चिमेच्या भिंतीबद्दल आपण विचारत नाही आणि तोही बोलत नाही.

तेव्हा फ्लॅट बघायला जाल तर मे महिन्यात, दुपारी चार वाजता जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. वरचा मजला घेणार असाल तर छताखाली पाच मिनिटं उभे राहा आणि मगच टोकनचे पैसे काढा. घर आधीच घेतलेलं असेल, तर गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग द्या आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताट्या बांधा. एसीचे स्टार त्यानंतर मोजा.