खिडकीतला मिहीर

जून उजाडला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात आणि मराठी कथेतला नायक खिडकीशी जाऊन उभा राहतो. बाहेर पाऊस, हातात कॉफीचा मग. नाव बहुधा मिहीर. पोटापाण्यासाठी तो काय करतो हे लेखकालाही ठाऊक नसतं. घरभाडं मात्र वेळेवर जात असावं. कथालेखनाच्या कार्यशाळेत 'सांगू नका, दाखवा' असं शिकवतात. म्हणून हल्ली मिहीर उदास होत नाही, त्याची कॉफी निवते. चौथ्या पानावर आई गेल्याचा फोन येतो, कारण शब्दमर्यादा संपत आलेली असते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या कादंबरीत (१९५५) मात्र धनगर आहेत, मेंढरं आहेत, दुष्काळ आहे. पण त्यासाठी माणदेश अंगात भिनलेला हवा. निदान दुसऱ्याचं काम दिवसभर बघत बसण्याची चिकाटी तरी. त्यापेक्षा कार्यशाळेचं प्रमाणपत्र बरं, लॅमिनेट करून मिळतं.

यंदा संपादकांनी एका कथेतली दोन पानं कापायला सांगितली. लेखकाने वजनकाट्याखाली चुंबक लावणारा रद्दीवाला काढून टाकला. पाऊस ठेवला.