जरा थांबा, पंप ऐका

आमच्या पद्मिनी गाडीला पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप बसवल्यापासून मी पाहुण्यांना चहाआधी पंप ऐकवतो. चावी एकच खटका फिरवायची, सेल्फ मारायचा नाही, आणि बोट वर करून डोळे मिटायचे. टिक-टिक-टिक-टिक... टिक... टिक... शांत. "आलं ध्यानात?" मी विचारतो. पाहुण्यांच्या ध्यानात एवढंच येतं की चहा लांबला.

मूळचा पंप यांत्रिक, इंजिनाला चिकटलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर चालणारा. मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना तो तापायचा, पेट्रोलची वाफ व्हायची, आणि वाफ काही त्याला ओढता यायची नाही. मग त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं आणि ओळखीचं कुणी तिथून जाऊ नये म्हणून देवाला आळवायचं. नवा पंप मागे, टाकीजवळ, थंडाव्यात. तो पेट्रोल पुढे ढकलतो, आणि दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहजी होत नाही.

पण माझा जीव टिकटिकीत. कॉइलमध्ये वीज आली की डायफ्राम ओढला जातो, टाकीतून पेट्रोल आत येतं. टोकाला पोचताच पॉइंट उघडतात, वीज तुटते, आणि दबलेली स्प्रिंग डायफ्रामला परत रेटते. पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं, पॉइंट पुन्हा जुळतात. म्हणजे वीज नुसती ओढते, ढकलते ती स्प्रिंग! हे मी एका साखरपुड्यात वरपक्षालाही सांगितलंय. कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर भरलं की त्याची नीडल बंद होते, स्प्रिंगला पुढे वाट नाही, पॉइंट उघडेच, पंप गप्प. "पुरे झालं की गप्प बसतो. बघा अहो," ही म्हणाली. वरपक्ष हसला. मी लगेच १९४८ च्या मॉरिस मायनरवर घसरलो. तिला असा एस.यू. पंप कारखान्यातूनच यायचा, आणि पॉइंट चिकटले की मालक त्याला ठोकून जागा करत.

गप्प न बसणाऱ्या पंपाची मात्र मला धास्ती वाटते. टाकीत पेट्रोल असून टिकटिक मंदावत नसेल, तर ते कुठेतरी सांडत असू शकतं. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबतो. हा थांबत नाही. अपघातात पाइप तुटला, इंजिन बंद पडलं, चावी मात्र चालूच, तर हा गरम इंजिनावर इमानेइतबारे पेट्रोल ओतत राहील. त्यात दुकानदार म्हणतात, "साहेब, इंजेक्शनवाला घ्या, ताकद जास्त." अहो, कार्बोरेटरला २ ते ४ पीएसआय दाब पुरतो, इंजेक्शनचा पंप ४० च्या आसपास देतो. त्यापुढे नीडलचा काय टिकाव लागणार? इथे मला खरोखर संताप येतो.

तेव्हा असा पंप बसवणार असाल, तर फिटरला वायर ऑइल प्रेशर स्विचमधून न्यायला सांगा. इंजिन थांबलं की पंपही थांबेल. सेल्फ मारतानाच्या विजेची सोय तेवढी वेगळी लागते. नुसत्या चावीवर पंप ऐकवता येत नाही, हा त्याचा एकमेव दोष. आमच्याकडे म्हणूनच इनर्शिया स्विच आहे. तो जोराचा धक्का बसला की वीज तोडतो, आणि डोक्यावरचं बटण दाबल्याशिवाय पुन्हा जोडत नाही.